झोपेत मागे सोडलेली लेकरं

बीड जिल्ह्यातल्या आमच्या पाटोदा तालुक्यात ऊसतोडीला निघताना मागे ठेवायच्या लेकराला जागं करत नाहीत. ट्रक पहाटेच निघतो. भांडीकुंडी, बाजरीचं पोतं, सरपण, कोंबड्या, त्यावर बाया आणि तान्ही पोरं असा तो भरत असतो, तेवढा वेळ आजी अंथरुणाशेजारी बसून राहते. "लेकरू झोपलंय तवरच निघ," असं ती सुनेला सांगते. त्यात दुष्टपणा नसतो. निघताना रडारड नको, ती अपशकुनी, असं वाटतं. लेकरू ट्रकामागे धावेल ही भीतीही खरी असते. शिरूर, आष्टी, धारूर, वडवणी, केज या भागांतल्या माझ्या बरोबरीच्या शिक्षिकांकडूनही मी हेच ऐकलं आहे. मी ऊसतोड्याची मुलगी आणि पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई, त्यामुळे ही रीत अंथरुणातूनही पाहिली आणि वर्गातूनही. ऊसतोडीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे: दर, उचल, संप, लवाद, पुढारी. या पाऊणशे वर्षांत लेकरांची मनं कुणाच्या भरवशावर सोडली गेली, आणि त्यासाठी काय काय करून पाहिलं गेलं, हाही आमच्या जिल्ह्याचा इतिहासच आहे.

बीडचा वरचा भाग म्हणजे बालाघाट. हलकी मुरमाड जमीन, बेभरवशाचा पाऊस. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा, आणि पश्चिमेला लागून असलेला अहमदनगर जिल्हा, आताचं अहिल्यानगर, १९४७ पर्यंत इंग्रजांचा. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस आला आणि त्याच्यामागून खासगी साखर कारखाने. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांचा पुढाकार आणि धनंजयराव गाडगिळांचं मार्गदर्शन यांतून लोणीला सहकारी कारखाना सुरू झाला. मग पश्चिम महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांची रांगच लागली. ऊस लावणारा शेतकरी कारखान्याचा सभासद झाला. तोडणारा बाहेरून आणायचा होता, आणि तो प्रामुख्यानं आमच्याकडून गेला. बाहत्तरच्या दुष्काळानंतर तर गावंच्या गावं ओस पडू लागली. पुढे माजलगावचं धरण झालं, परळी-अंबाजोगाईकडे आपलेही कारखाने झाले, तरी दसरा-दिवाळीनंतर ट्रक भरायचे थांबले नाहीत. आज राज्यातल्या ऊसतोड मजुरांची संख्या आठ-दहा लाखांच्या घरात धरली जाते, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा बीडचा आहे.

लेकरांच्या दृष्टीनं या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट मजुरीच्या मोजणीत आहे. मजूर जमवणारा मुकादम माणसं मोजतो ती कोयत्यावर. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. एकटा गडी अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर मिळते, आणि अर्ध्या कोयत्याला कुणी फारसं विचारत नाही. मुंबईच्या गिरण्यांसाठी कोकणातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं गेली. तिथं बाप खानावळीत जेवायचा, गणपती-शिमग्याला घरी यायचा, मनीऑर्डर पाठवायचा. ती ताटातूट सोपी नव्हती. तरी घरातली चूल जागेवर होती, माय जागेवर होती. कोयत्यानं माय आणि बाप दोघांनाही एकदम उचललं, तेही दरवर्षी पाच-सहा महिने. घरातली दोन्ही मोठी माणसं एकाच पहाटे नाहीशी होण्याची सवय एका अख्ख्या जिल्ह्याच्या लेकरांना लावणारा धंदा महाराष्ट्रात दुसरा मला माहीत नाही.

कायद्यांकडे पाहिलं तर आणखी वाईट वाटतं. १९४८च्या कारखाने कायद्यात बायका कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची तरतूद होती. १९५१चा मळे कामगार कायदा चहा-कॉफीच्या मळ्यांत पाळणाघर मागायचा, १९६६चा विडी कामगारांचा कायदाही मागायचा. रोजगार हमीच्या २००५च्या केंद्रीय कायद्यात तर कामावर सहा वर्षांखालची पाच पोरं असली तरी त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची, तिला मजुरी द्यायची, असं लिहून ठेवलं होतं. उसाच्या फडाला यातलं काही लागू पडलं नाही. कारखाना म्हणतो, ही माणसं मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी तर मधला माणूस. आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात फिरणाऱ्याला १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित मजुरांचा कायदाही धरत नव्हता. ज्याच्या फडावर माय राबते तो मालकच कागदावर सापडत नाही, मग तिच्या लेकराची जबाबदारी कुणावर टाकणार?

मी सुरुवातीची वर्षं कोपीत काढली. बांबू वाकवून त्यावर चटया आणि पाचट टाकलेली खोपटी, कारखान्याजवळच्या गाडीतळावर ओळीनं उभी. माय तीनच्या सुमाराला उठायची, भाकरी थापायची, आणि अंधारातच बैलगाडीत बसून आम्ही फडात जायचो. धाकटा भाऊ बाभळीला बांधलेल्या झोळीत. त्याला हलवायचं, रडला तर मायकडे न्यायचं, पाचटाखाली काही वळवळलं तर ओरडायचं, एवढं माझं काम. गाडी भरून निघाली की बाप कारखान्यावर रात्ररात्र नंबराला थांबायचा. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची होते. थंडी, काटे, उसाच्या पानांनी कापलेली पोटरी हे सगळं होतं. पण भीती वाटली की मायच्या पदराला जाऊन धरता यायचं. कोपीतल्या लेकराचं शिक्षण बुडतं, खेळ बुडतो, अंगावर अपघात येतात, हे सगळं खरं आहे आणि त्याचं समर्थन मी कधीही करणार नाही. पण त्या वयात मन शाबूत राहायला जे लागतं, ते तिथं दहा हातांवर ऊस तोडत असायचं.

शाळेत नाव घातलं आणि मला गावी आजीकडे ठेवलं. आजी हीच आमच्याकडची पहिली आणि सगळ्यात मोठी व्यवस्था. सरकारनं काही करायच्या आधी जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांनी तीन पिढ्या सांभाळल्या. तिच्याजवळ असायचं तरी काय? मायच्या जुन्या लुगड्याची वाकळ ती मुद्दाम माझ्या अंगावर घालायची, कारण तिच्यात घेतल्यावर मी लवकर झोपते हे तिनं ओळखलं होतं. (डोनल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञानं मुलाच्या अशा जवळच्या फडक्यावर १९५०च्या आसपास निबंध लिहिला आणि त्याला जगभर मान मिळाला. वाकळ शिवणाऱ्या बायांना तो माहीत असायचं कारण नव्हतं.) दिवेलागणीला ती मला चुलीपुढून हलू द्यायची नाही. शेजारच्या म्हातारीकडेही तशीच दोन-तीन नातवंडं असायची. आम्हाला एकत्र जेवायला बसवायच्या, एकाच अंगणात झोपवायच्या. हे सगळं शहाणपणाचं होतं.

याच शहाणपणाशेजारी दोन गोष्टी अशा होत्या की त्यांनी लेकरांचं नुकसान केलं, आणि त्या आजही तशाच आहेत. एक म्हणजे धाक. "दंगा केलास तर तुझी माय यायचीच न्हाई." थकलेल्या म्हातारीच्या तोंडून हे सहज निघतं. ज्याची माय हाताशी आहे त्या पोरासाठी ही नुसती धमकी. ज्याची माय झोपेत निघून गेली आहे त्याच्यासाठी ती बातमी असते. मी वर्गात अशी पोरं पाहिली आहेत जी कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत एकदाही दंगा करत नाहीत, कारण मायचं येणं आपल्या वागण्यावर अवलंबून आहे असा हिशेब त्यांनी मनाशी मांडलेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे मायचं नाव न काढणं. नाव काढलं तर लेकरू रडेल, म्हणून घरात कुणी तिच्याबद्दल बोलायचंच नाही. आठ-पंधरा दिवसांनी लेकरू विचारायचं थांबतं. मग सगळे म्हणतात, "शहाणं झालं, रुळलं."

रुळलं म्हणजे काय झालं, हे लंडनमध्ये एका माणसानं कॅमेऱ्यात पकडून ठेवलं आहे. १९५०च्या सुमाराला तिथल्या इस्पितळांत लहान मुलांना आईबापांनी भेटायला फारसं येऊ नये असा नियम असे. भेटलं की मूल रडतं, भेटलं नाही की शांत राहतं, म्हणून. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एका दोन वर्षांच्या मुलीच्या इस्पितळातल्या आठ दिवसांचं चित्रण केलं. त्यांनी आणि त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी मांडलं ते असं: लेकरू आधी रडून आकांत करतं, मग खचतं, आणि शेवटी मन काढून घेतं. तिसऱ्या पायरीवरचं लेकरू नर्सकडे बघून हसतं, जेवतं, खेळतं, आणि माय आली की तिच्याकडे पाठ फिरवतं. डॉक्टर लोकांनी ती फिल्म पाहून सुरुवातीला संताप केला. १९५९ साली मात्र तिथल्या प्लॅट समितीनं इस्पितळांची दारं आईबापांना मोकळी करण्याची शिफारस केली. त्याच देशात महायुद्धाच्या सुरुवातीला, सप्टेंबर १९३९ मध्ये, बॉम्बच्या भीतीनं सुमारे पंधरा लाख लोकांना शहरांतून खेड्यांत हलवलं होतं. त्यांत बहुतेक मुलं होती, आणि शाळकरी मुलं आईबापांशिवाय गेली होती. लहान मुलांच्या युद्धकालीन संगोपनगृहात काम करणाऱ्या ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांना दिसलं की मायजवळ राहून बॉम्बचे आवाज ऐकणारी लेकरं पुष्कळ सोसू शकतात. मायपासून तोडलेली सुरक्षित लेकरं आतून जास्त मोडतात.

डी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्राचा पेपर होता, पण हे मी नोकरीला लागल्यावर वाचलं, आणि वाचताना पाडव्याचे दिवस डोळ्यांपुढे आले. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की चैत्राच्या आगेमागे ट्रक परत येतात. माय उतरते, हातात लेकरासाठी आणलेला फ्रॉक, गुळाची ढेप, आणि लेकरू आजीच्या लुगड्याआड लपतं. "वळखलं न्हाई मला," म्हणून दारातच बसून रडणाऱ्या बाया मी लहानपणी पाहिल्या, नंतर शाळेतल्या पोरांच्या आया म्हणूनही पाहिल्या. सासू म्हणते, येईल की दोन दिसात. येतंही. पण तेव्हा आणखी एक ताटातूट होते आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही: सहा महिने जिला माय मानलं त्या आजीकडून लेकराला उचलून दुसऱ्या खोलीत झोपवलं जातं. मग पुन्हा दसरा. तीन वर्षांच्या लेकराच्या आयुष्यात ही उलथापालथ चार-पाच वेळा झालेली असते.

सरकारी आणि संस्थांच्या प्रयत्नांचा इतिहास त्यामानानं अलीकडचा. नव्वदच्या दशकापासून कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघू लागल्या. 'जनार्थ' या संस्थेनं पश्चिम महाराष्ट्रात त्या मोठ्या प्रमाणावर चालवल्या. गाडीतळाशेजारी पत्र्याची किंवा चटयांची शाळा, आपल्याच भागातली पोरं, आपलीच बोली. अभ्यास किती झाला यावर तेव्हा वाद झाले. माझं मत असं की अभ्यासापेक्षा मोठं काम तिथं होत होतं: दिवसा खेळायला-बोलायला एक ओळखीचं मोठं माणूस, आणि रात्री माय. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा आला आणि प्रत्येक मूल नियमित शाळेतच बसलं पाहिजे असं ठरलं. तत्त्व योग्यच. पण साखरशाळा त्यात विरून गेल्या, आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या गावातल्या शाळेत मधेच डिसेंबरात बसवलेलं बीडचं पोर शेवटच्या बाकावर 'ऊसतोड्याचं पोर' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. तिकडे गेलेली पोरं परत आली की सांगायची, बाई, तिथं मी बोलतच नव्हते.

दुसरी वाट हंगामी वसतिगृहाची. मायबाप जातील, मूल गावातच राहील, शाळेत दोन वेळचं जेवण मिळेल. बीडमध्ये अशी वसतिगृहं शेकड्यांनी चालली, आणि पोरं शाळेत टिकली हे त्यांचं श्रेय निर्विवाद आहे. पण कित्येक ठिकाणी वसतिगृह म्हणजे जेवणाची पंगत, एवढंच झालं. रात्री पोरं आजीकडे झोपायला, आणि आजी नसली तर थोरल्या बहिणीबरोबर कुलूपबंद घरात. तपासणीला येणारे साहेब हजेरी बघायचे, धान्याचा साठा बघायचे, वजनकाटा बघायचे. संध्याकाळी सहानंतर हे लेकरू कुणाशी बोलतं, हा रकाना मी कुठल्याही नमुन्यात पाहिला नाही.

आमच्या शाळेत आम्ही आमच्यापरीनं काही गोष्टी बसवल्या. महाराष्ट्राचा मोठा नकाशा भिंतीवर लावला आणि कुणाचे मायबाप कुठल्या कारखान्यावर आहेत ते पोरांनीच चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवलं. "माझी माय इथं आहे" असं बोट ठेवून दाखवता आलं की लेकराचा चेहरा बदलतो. निघून गेलेलं माणूस तेव्हा नकाशावरचं, गाव-तालुका असलेलं माणूस होतं. शनिवारी पत्र लिहायचं. पहिलीतली पोरं चित्र काढायची. ट्रक-ड्रायव्हर, मुकादमाकडचा माणूस, जो त्या बाजूला जाईल त्याच्या हाती पत्रं जायची. मायला वाचता यायचं नाही, पण कोपीत कुणीतरी वाचून दाखवायचं. कालनिर्णयच्या पानांवर आम्ही गेलेले दिवस खोडायचो आणि पाडव्याला तांबडा गोल करायचो. रडणाऱ्या पोराला "रडू नको" म्हणायचं नाही, एवढा एकच नियम मी वर्गात कडक ठेवला होता. रडून झालं की ते पोर उठून पाटी घेतं. न रडणाऱ्याकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं.

मुलींची गोष्ट वेगळी सांगायला हवी. कोपीत असो की गावात, दहा-अकरा वर्षांची मुलगी ही घरातली दुसरी माय. २०१९ साली ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. चर्चा डॉक्टर आणि कामाला खाडा पडला की बसणाऱ्या दंडाभोवती फिरली आणि ती व्हायलाच हवी होती. पण ज्या घरात तिशीतल्या मायला मोळी उचलवत नाही, तिथं मोळी आणि धाकटं भावंड कुणाच्या डोक्यावर येतं? आणि हीच मुलगी वयात आली की तिला एकटी मागे ठेवायची भीती, शिवाय जावयामुळे एक कोयता तयार होतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी सुमारे ४४ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. आठवीतली मुलगी दिवाळीनंतर शाळेत न येता परस्पर मंगळसूत्र घालून भेटते, तेव्हा शिक्षिकेला काय वाटतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. तिचं पुढचं लेकरूही झोपेतच मागे राहणार असतं.

यातून वाट काढणारी माणसंही याच मातीतली. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी या शतकाच्या सुरुवातीला 'शांतिवन' उभं केलं. ऊसतोड्यांची आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं तिथं राहून शिकतात. अशा ठिकाणी गेलं की फरक लगेच दिसतो. तिथं राहणारं मोठं माणूस तेच असतं, हंगाम संपला म्हणून बदलत नाही. २०२१ साली राज्य सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना मंजूर केली: ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२, प्रत्येकी शंभर जागांची. भगवानबाबा याच पाटोदा तालुक्यातल्या सावरगावचे, आणि त्यांनी लेकरांना शिकवा म्हणून आयुष्यभर सांगितलं. योजनेला हे नाव शोभतं. इमारती उभ्या राहोत आणि भरोत.

पण शंभर मुलांचं वसतिगृह सहा वर्षांखालच्या लेकराच्या कामाचं नाही, आणि सगळ्यात नाजूक वय तेच. शिक्षण हक्क सहा वर्षांपासून लागू होतो. अंगणवाडी सहा वर्षांच्या आतल्यांची, पण ती गावात, लेकरू फडावर. या वयासाठी काय करायचं याचं उत्तर महाराष्ट्रात १९४५ पासून तयार आहे. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं तेव्हा मुलं बालवाडीत यायची नाहीत. त्यांना गुरं राखायची होती, भावंडं सांभाळायची होती. मुलं आळशी आहेत किंवा आईबाप अडाणी आहेत असं या दोघींनी म्हटलं नाही. त्यांनी शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरांमागे कुरणात नेली, आणि पाळणाघर शाळेला जोडून घेतलं, म्हणजे थोरली बहीण धाकट्याला घेऊन येऊ शकेल. 'अंगणवाडी' हा विचार देशभर गेला तो तिथून. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामांवर फिरती पाळणाघरं सुरू केली. जिथं माय राबते तिथंच लेकरू सुरक्षित ठेवायचं, हे दोन्हीकडे करून दाखवलेलं आहे. उसाचा फड रोज बदलतो, ही अडचण मी जाणते; गाडीतळ मात्र हंगामभर एकाच जागी असतो.

मोबाइल आल्यावर पुष्कळ बदललं. आता माय व्हिडिओवर दिसते. पण अवेळी आलेला फोन लेकराला जास्त रडवतो आणि मग आजी फोन देणंच बंद करते. मी पालकांना सांगत आले: रोज नाही जमलं तर दोन दिवसांनी करा, पण वेळ एकच ठेवा, आणि "अभ्यास केलास का?" हा प्रश्न शेवटी विचारा. आधी आपलं सांगा. आज बैल कुठं अडला, कोपीशेजारी कुत्रीला पिल्लं झाली, काय खाल्लं. लेकराला मायचा दिवस कळला की त्यालाही आपला दिवस सांगावासा वाटतो.

वेळेचं महत्त्व २०२०च्या मार्चमध्ये सगळ्यांनाच कळलं. टाळेबंदी लागली, मजूर कारखान्यांवर अडकले, एप्रिलच्या मध्यानंतर सरकारनं त्यांना तपासणी करून घरी जायची परवानगी दिली. पाडवा येऊन गेला आणि तांबड्या गोलाच्या दिवशी कुणी आलं नाही. त्या दिवसांत मी फोनवर जेवढी पोरं बोलती केली त्यांत एक गोष्ट सारखी होती: ज्यांना मायनं स्वतः सांगितलं होतं की असं असं झालंय, मी इथं आहे, ठीक आहे, ती पोरं चिडली, रडली, पण झोपली. ज्यांच्यापासून ते लपवलं ती रात्री उठून दाराशी जाऊन बसायची.

म्हणून निघणाऱ्या मायबापांना माझं सांगणं आहे. आठ दिवस आधीपासून लेकराला सांगा की आपण जाणार आहोत, कुठं जाणार, कुणाजवळ तू राहणार, आणि कुठल्या सणाला आम्ही येणार. अडीच-तीन वर्षांच्या पोरालाही सांगा. त्याला सगळं कळत नाही, पण मायनं तोंड लपवलं नाही एवढं कळतं. ट्रक निघताना ते रडेल. रडू द्या, कडेवर घेऊन निरोप घ्या आणि मग आजीच्या हाती द्या. लेकरू पुष्कळ दिवस गप्प असेल, अंथरूण ओलं करत असेल, जेवण सोडत असेल तर गुरुजींना, बाईंना सांगा. १४४१६ वर मानसिक आरोग्याच्या 'टेलिमानस' मदतवाहिनीची माणसं फुकट आणि मराठीत बोलतात, लेकराला कुणी त्रास देत असेल तर मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर आहे.

आणि सरकारकडे, कारखान्यांकडे माझं मागणं दोन ओळींचं आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांसाठी झालेल्या महामंडळाला कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये मिळायचे आहेत. त्यातून प्रत्येक मोठ्या गाडीतळावर पहाटे चारला उघडणारं पाळणाघर सुरू करा आणि तिथं बीडच्याच बायांना कामाला ठेवा, म्हणजे कोयत्यातल्या काही हातांनाही दुसरं काम मिळेल. हंगामी वसतिगृहावर लेकरं सांभाळणाऱ्या मावशीची नेमणूक ऑक्टोबरात, ट्रक लागल्यावर होते. ती जूनमध्ये, शाळा उघडतानाच करा, म्हणजे माय निघेल त्या दिवशी मावशी लेकराच्या चार महिन्यांच्या ओळखीची असेल.